परक्या देशातले मूल

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. चोरांनी लुटीचा माल त्यांच्या आश्रमात दडवला. मौनव्रतामुळे ऋषी राजाच्या शिपायांना काही सांगू शकले नाहीत आणि राजाने त्यांना चोरांबरोबर सुळावर चढवले. सुळावरूनही जिवंत राहिलेल्या मांडव्यांनी पुढे प्रत्यक्ष धर्माला जाब विचारला, की ही शिक्षा मला कोणत्या पापाची? लहानपणी तू एका कीटकाला काडी टोचली होतीस, असे उत्तर मिळाले. तेव्हा त्यांनी धर्मालाच अपराधी ठरवले. अजाणत्या वयातल्या कृत्याला असा दंड देणाऱ्या धर्माला मनुष्यजन्माचा शाप मिळाला आणि तो विदुर होऊन जन्मला. पुढच्या काळासाठी मांडव्यांनी मर्यादाही घालून दिली: चौदाव्या वर्षापर्यंतच्या कृत्याला पाप म्हणायचे नाही. ही कथा मुलाच्या दोषाबद्दल आहे, त्याच्या संरक्षणाबद्दल नाही, हे खरे. तरी तिच्यात एक विलक्षण धीट विचार आहे. बालपणासमोर न्याय करणाऱ्यालाही आपले नियम तपासावे लागतात, आणि ते त्याने तपासले नाहीत तर तो न्यायाधीशच आरोपी होतो. हा विचार देशाच्या सीमेपाशी थांबतो का, हा माझा प्रश्न आहे.

आपल्या नीतिपरंपरेत बहुतेक कर्तव्ये नात्यातून उगवतात. आईबापांचे मुलांविषयी, गुरूचे शिष्याविषयी, राजाचे प्रजेविषयी. परक्याविषयीचा धर्मही आपल्याकडे आहे, पण तो अतिथीचा, म्हणजे दारात आलेल्या परक्याचा. जे मूल आपल्या दारात कधीच येणार नाही, ज्याची भाषा, देव आणि देश आपले नाहीत, त्याचे आपण काय देणे लागतो? करुणा वाटते हे पुरेसे नाही. करुणा वाटली तर वाटली, नाही तर नाही. कर्तव्य असेल तर मात्र ते नाकारणाऱ्याला जाब विचारता येतो. माझे म्हणणे असे, की संरक्षण मागण्याचा मुलाचा हक्क ते कोणाचे तरी असण्यातून येत नाही. तो येतो त्याच्या असहायतेतून आणि समोरच्याच्या सामर्थ्यातून. त्या मुलाला इजा करण्याची किंवा ती थांबवण्याची ताकद ज्याच्या हातात आहे, त्याच्यावर हे कर्तव्य पडते, मग तो एकटा माणूस असो, संस्था असो की राज्य. आणि ही ताकद सीमा ओलांडत असेल तर कर्तव्यानेही सीमा ओलांडली पाहिजे.

हा विचार केवळ पुस्तकी नाही, हे गोव्याने शिकवले. १९९१ साली मडगावात फ्रेडी पीट्स नावाच्या माणसाला अटक झाली. अनाथ आणि गरीब मुलांसाठी तो ‘गुरुकुल’ नावाचे वसतिगृह चालवत होता, आणि समाजसेवक म्हणून त्याला मान होता. त्याच्याकडे मुलांची दोन हजारांहून अधिक अश्लील छायाचित्रे सापडली. पुढे सीबीआयने तपास हाती घेतला आणि १९९६ साली न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. तपासातून दिसले ते असे, की या वसतिगृहाचे गिऱ्हाईक दूरदेशांतून येत होते. युरोपातल्या आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडच्या माणसांची नावे पुढे आली, आणि अटक होईपर्यंत ती माणसे आपापल्या देशांत परतलेली होती. गुन्हा गोव्यात घडला, मुले गोव्यातली, पण गुन्हेगाराचा पासपोर्ट, त्याचा पैसा, त्याची सुट्टी आणि त्याची सुरक्षितता दुसरीकडे होती. मडगावच्या पोलिसांचा हात विमानतळापर्यंतच पोहोचत होता. गुन्हेगाराच्या मायदेशात तो गुन्हा जणू घडलाच नव्हता.

या प्रकरणाची सावली गोव्याच्या २००३ च्या बाल कायद्यावर पडलेली दिसते. छायाचित्रे धुऊन देणाऱ्या दुकानदाराला मुलांची अश्लील चित्रे आढळली तर ती पोलिसांना कळवणे त्या कायद्याने बंधनकारक केले. कुटुंबासोबत नोंदलेले नसलेले मूल हॉटेलच्या खोलीत जाऊ देऊ नये, ही जबाबदारी हॉटेलवाल्यावर टाकली. वरवर या किरकोळ तरतुदी वाटतात. पण मूल माझे नाही, गुन्हा मी केलेला नाही, तरी ते माझ्या काउंटरसमोरून जाते आहे आणि थांबवणे माझ्या हातात आहे म्हणून मी बांधील आहे, हे तत्त्व इथे कायद्याच्या भाषेत उतरले. पुढे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानेही हॉटेले, स्टुडिओ, छायाचित्रणाची दुकाने यांच्यावर असेच बंधन घातले.

मुंबईचे प्रकरण आणखी बोलके आहे. कुलाब्याच्या परिसरात आणि रायगडातल्या मुरूडला ‘अँकरेज’ नावाची मुलांची आश्रयगृहे होती. ती डंकन ग्रँट या ब्रिटिश गृहस्थाने उभारली होती, आणि अॅलन वॉटर्स हा त्याचा देशबंधू तिथे नेहमी येत असे. २००१ साली मुलांच्या लैंगिक शोषणाच्या तक्रारी झाल्या तेव्हा दोघेही भारतात नव्हते. वॉटर्सला इंटरपोलच्या नोटिशीवरून अमेरिकेत पकडून भारताच्या हवाली करण्यात आले. ग्रँट पुढे हजर झाला. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले, २००८ मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले, आणि १८ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी पुन्हा कायम करून सहा वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा उचलून धरली. मुलांच्या साक्षीकडे कसे पाहायचे हा या निकालांमधला कळीचा मुद्दा होता. पण त्या साक्षीचा कस लागण्याआधी एक गोष्ट घडावी लागली: एका ब्रिटिश नागरिकाने मुंबईच्या फुटपाथवरच्या मुलांबाबत काय केले याची तड लागावी म्हणून एका अमेरिकी यंत्रणेने आपली ताकद वापरली. त्या मुलांशी अमेरिकेचे काहीही नाते नव्हते.

आंतरराष्ट्रीय कायद्याने हे नियमात कसे बसवले, ते थोडक्यात. १९८९ च्या बालहक्क कराराच्या ३४ व्या कलमाने लैंगिक शोषणापासून संरक्षण हे राज्यांचे कर्तव्य ठरवले. भारत त्यात १९९२ साली सामील झाला. पण खरे दात आले ते २००० साली केलेल्या पूरक करारामुळे, जो मुलांची विक्री, मुलांना वेश्याव्यवसायाला लावणे आणि मुलांची अश्लील चित्रणे यांविषयी आहे. भारताने तो २००५ मध्ये मान्य केला. मूळ बालहक्क करार आजही न स्वीकारलेल्या अमेरिकेने हा पूरक करार मात्र स्वीकारला आहे. गुन्हा कुठेही घडो, गुन्हेगार आपला नागरिक असेल किंवा बळी आपले मूल असेल तर राज्याला खटला चालवता यावा, असे तो सांगतो. आणि आपला नागरिक आहे म्हणून प्रत्यर्पण नाकारायचे असेल, तर त्या राज्याने स्वतः खटल्याची पावले उचलावीत. माणूस द्या, नाही तर तुम्हीच न्याय करा. तिसरा रस्ता नाही. ऑस्ट्रेलियाने १९९४ मध्येच परदेशात मुलांवर अत्याचार करणाऱ्या आपल्या नागरिकांवर मायदेशी खटला चालवण्याचा कायदा केला होता.

यावरचा पहिला आक्षेप सार्वभौमत्वाचा आहे आणि तो हलका नाही. प्रत्येक देशाने आपल्या भूमीवर न्याय करावा, दुसऱ्याच्या अंगणात डोकावू नये, या नियमाने दुबळ्या देशांना बलाढ्यांपासून काही प्रमाणात वाचवले आहे. पण भूमी ही न्यायाची सोय आहे, त्याचे मूळ नाही. साक्षीदार जवळ असतात, पुरावा जवळ असतो, म्हणून गुन्हा घडला तिथे खटला चालवणे शहाणपणाचे. त्या सोयीलाच तत्त्व मानले की काय होते, ते होली सीच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या सर्वोच्च अधिकारपीठाच्या, भूमिकेत दिसले. होली सीने १९९० सालीच बालहक्क करार मान्य केला होता. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीपुढे धर्मगुरूंकडून झालेल्या अत्याचारांचा प्रश्न आला, तेव्हा त्यांची बाजू अशी होती, की कराराची बंधने आम्हाला व्हॅटिकन शहर-राज्यापुरती लागू आहेत; इतर देशांतले धर्मगुरू त्या त्या देशाच्या कायद्याखाली येतात. कायद्याच्या काटेकोर भाषेत ही बाजू अगदीच निराधार नव्हती. पण बिशप नेमण्याची, बदलीची, पदच्युतीची, मौन पाळायला सांगण्याची सत्ता जगभर आणि उत्तरदायित्व अर्ध्या चौरस किलोमीटरच्या आत, हे नैतिकदृष्ट्या टिकत नाही. आपल्या अधिकाराखालच्या व्यक्ती आणि संस्था जिथे आहेत तिथपर्यंत हे कर्तव्य जाते, असेच समितीने सांगितले. पुढे २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा तक्रारी चर्चच्या अधिकाऱ्यांना कळवणे जगभरातल्या धर्मगुरूंना बंधनकारक केले आणि या खटल्यांवरचे गोपनीयतेचे आवरणही काढले. म्हणजे सत्तेची लांबी आणि जबाबदारीची लांबी जुळली पाहिजे हे अखेर, काही अंशी तरी, मान्य झाले.

हे एकाच धर्मापुरते आहे असे कोणी समजू नये. जोधपूरच्या न्यायालयाने २०१८ मध्ये आसाराम या हिंदू धर्मगुरूला अल्पवयीन मुलीवरील बलात्काराबद्दल जन्मठेप दिली, तेव्हाही गुरूवरच्या श्रद्धेचा आधार घेऊन मुलीलाच खोटे पाडणारे थोडे नव्हते. श्रद्धेच्या जागी सत्ता असते, आणि ती डोळे मिटून मान्य केलेली असते. म्हणून तिच्याकडून अपेक्षाही जास्त हवी. धर्मसंस्थेची बदनामी होईल म्हणून गप्प राहणारा माणूस धर्म वाचवत नसतो. मांडव्यांनी ज्या धर्माला शाप दिला त्याच्याच बाजूने तो उभा असतो.

दुसरा आक्षेप आपल्या इतिहासातून येतो आणि मराठी वाचकाला तो विशेष ओळखीचा आहे. परक्यांचे मापदंड आमच्यावर का? १८८४ पासून बेहरामजी मलबारींनी बालविवाहाविरुद्ध चळवळ चालवली आणि तिच्यासाठी विलायतेतही पाठिंबा मिळवला. त्याच काळात रखमाबाई, लहानपणी लावलेल्या लग्नाची सक्ती नाकारून, न्यायालयात उभ्या होत्या. १८८९ मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संभोगाने मेली. त्यानंतर १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला आणि वयाची मर्यादा दहावरून बारावर गेली. टिळकांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांचा युक्तिवाद असा, की परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये. सुधारणा आम्ही स्वतःहून करू. लग्नाचे वय मुलींचे सोळा आणि मुलांचे वीस असावे, असे सुधारकांनी स्वतःवर बंधन घालून घ्यावे असा प्रस्तावही त्यांनी मांडला होता, हे विसरून चालणार नाही. दुसऱ्या बाजूला रानडे, तेलंग होते, आणि रा. गो. भांडारकरांनी तर शास्त्रांच्या आधारेच हा कायदा धर्मविरोधी नाही असे दाखवून दिले.

टिळकांच्या भीतीत तथ्य होते. साम्राज्ये दुसऱ्यांच्या घरातल्या अन्यायाचा उपयोग आपली सत्ता योग्य ठरवण्यासाठी करतात, आणि इंग्रजांनीही तो केला. पण या वादात फुलमणीला विचारायला कोणाला सवड नव्हती. तिचा हक्क कोणी मान्य करावा, परक्याने की आपल्याने, हा प्रश्न मोठ्यांच्या मानापमानाचा होता. ती जगावी की मरावी हा प्रश्न तिचा होता. सुधारणा आतून येऊ द्या म्हणणाऱ्यांना एक हिशेब द्यावाच लागतो: ती येईपर्यंतची मुले कोणाच्या खात्यात मांडायची? अठरा वर्षांखालच्या पत्नीशी संभोग हा बलात्कारच, असे स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगायला २०१७ साल उजाडले. शिवाय आजच्या कायद्याचा रोख १८९१ च्या उलट आहे. ऑस्ट्रेलियाने किंवा ब्रिटनने परदेशातल्या अत्याचाराबद्दल आपल्याच नागरिकाला शिक्षा करणे म्हणजे त्यांनी आपले नियम गोव्यावर लादणे नव्हे. गोव्याच्या गरिबीचा फायदा घेणारा आपला माणूस ते आवरत आहेत. हे साम्राज्यशाहीचे रूप म्हणायचे, तर पर्यटकाच्या पासपोर्टाला मिळणारी मोकळीक काय म्हणायची?

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. परदेशी पर्यटक, टोळ्या, इंटरपोल या साऱ्या चर्चेत आपण खऱ्या धोक्यावरून नजर हटवतो का? केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलण्यात आले. त्यातल्या ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सांगितला, आणि छळ करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या जागी असलेले होते. मुलांना धोका घरात, शाळेत, शेजारी असताना आंतरराष्ट्रीय करारांचे काय? हे पूर्णपणे मान्य करूनही मला वाटते, की दोन्हीकडचा गुन्हा एकाच पडद्याआड वाढतो. घरात म्हणतात ‘आमच्या घरातली गोष्ट’, पंथ म्हणतो ‘आमच्या संप्रदायातली’, देश म्हणतो ‘आमचा अंतर्गत मामला’. प्रत्येक वेळी मुलावर मालकी सांगितली जाते आणि मालकीच्या नावाखाली बाहेरच्याला दार बंद होते. मुलाचा हक्क घराच्या मालकीपेक्षा वरचा आहे हे ज्याला पटले, त्याने तो देशाच्या मालकीपेक्षाही वरचा मानायला हवा. आणि ज्याला देशाची सीमा अभेद्य वाटते, त्याने घराच्या भिंतीबद्दल वेगळे बोलण्याचा अधिकार गमावला. एकात शिथिल राहून दुसऱ्यात कडक राहता येत नाही.

आता तर सीमा कुठे आहे हेच सांगणे अवघड झाले आहे. फिलिपिन्समधल्या एखाद्या खोलीत कॅमेऱ्यासमोर मुलावर अत्याचार होतो आणि तो घडवून आणणारा, पैसे भरून सूचना देणारा माणूस दुसऱ्या खंडात बसलेला असतो. गुन्हा कुठे घडला? मूल आहे तिथे, पैसे निघाले तिथे, की चित्रण साठवलेल्या सर्व्हरवर? अमेरिकेतल्या नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन या संस्थेकडे २०२३ या एका वर्षात मुलांच्या ऑनलाइन लैंगिक शोषणाच्या संशयाच्या ३ कोटी ६० लाखांहून अधिक नोंदी आल्या, आणि सर्वाधिक नोंदी भारताशी जोडलेल्या होत्या. एकच चित्र अनेकदा फिरते, म्हणून नोंदींची संख्या म्हणजे मुलांची संख्या नव्हे. पण मुलाच्या बाजूने पाहिले तर ते चित्र प्रत्येक वेळी फिरणे हा वेगळा घाव आहे. आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०१९ मध्ये या संस्थेशी करार केला, त्यामुळे या नोंदी राज्यांच्या पोलिसांपर्यंत येतात. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले, की असे चित्रण जवळ बाळगणे आणि त्याची माहिती न देणे हाही पोक्सोखाली गुन्हा ठरू शकतो. गोव्याच्या फोटोवाल्यावर टाकलेले कर्तव्य आज पाहणाऱ्याच्या हातातल्या फोनपर्यंत आले आहे. सहा हजार किलोमीटर दूरचे मूल पडद्यावर पाहणारा माणूस ‘मी त्याला हात लावला नाही’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या मागणीवरच तो अत्याचार उभा असतो.

आरोपीच्या हक्कांचा मुद्दाही इथे टाळता येत नाही. गुन्हा इतका किळसवाणा आहे, की आरोप म्हणजेच दोष असे मानण्याचा मोह होतो, आणि दूरच्या देशात खटल्याला सामोरे जाणे निरपराधाला उद्ध्वस्त करू शकते. गोव्याच्या प्रकरणातल्या एका ब्रिटिश आरोपीला भारतात पाठवण्यास लंडनच्या न्यायालयाने २०१४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या कारणाने नकार दिला. आजारी माणसाबद्दलची ही काळजी न्यायव्यवस्थेचा गुण आहे, आणि ती मला सोडावीशी वाटत नाही. पण पीट्सच्या अटकेपासून तो निर्णय येईपर्यंत तेवीस वर्षे गेली होती, आणि तेवढ्या काळात मडगावची मुले चाळिशीकडे झुकलेली माणसे झाली. आरोपीचे हक्क जपण्यासाठी जेवढी काळजी लागते तेवढीच घाई मुलांच्या हक्कासाठी लागते. विलंब झाला की दोघांचेही नुकसान होते: पुरावा विरतो, निरपराध असेल त्याला सुटका मिळत नाही आणि दोषी असेल तो म्हातारपणाच्या आडोशाला जातो.

शेवटी क्षमेचा प्रश्न राहतो, आणि तो धार्मिक मनाला खरोखर अडवतो. ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्ये कायदा करून नोंदणीकृत बाल-लैंगिक गुन्हेगारांचे पासपोर्ट रोखण्याची तरतूद केली. शिक्षा भोगून झालेल्या माणसालाही परदेशी जाता येऊ नये? मग प्रायश्चित्ताला अर्थ काय, माणूस बदलतो या श्रद्धेला अर्थ काय? बहुतेक सगळ्या धर्मांनी पश्चात्तापाला दार उघडे ठेवले आहे, आणि ते बंद करावे असे मी म्हणत नाही. मात्र क्षमा करण्याचा अधिकार ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा आहे. संस्थेने, राज्याने किंवा देवाच्या नावाने बोलणाऱ्याने ती परस्पर वाटायची नाही, आणि जगभरच्या धर्मसंस्थांनी नेमके हेच वर्षानुवर्षे केले. शिवाय क्षमा मिळाली म्हणून मुलांच्या वसतिगृहाची किल्ली परत मिळत नाही. अवघड गोष्ट इतकीच, की काही नोंदणीकृत लोक पुन्हा कधीच असा गुन्हा करणार नाहीत, आणि कोण करणार नाही हे आधी ओळखण्याची खात्रीची रीत आज आपल्याजवळ नाही. हे ओझे कोणीतरी उचलायचे आहे. एकीकडे प्रौढ माणसाची परदेशवारी आहे, दुसरीकडे मनिलाच्या किंवा मडगावच्या मुलाचे शरीर. ज्याला खरा पश्चात्ताप झाला आहे त्याने ही बंदी अन्याय म्हणून नव्हे, प्रायश्चित्ताचा भाग म्हणून घेतली पाहिजे, असे मी कोणत्याही धर्माच्या माणसाशी वाद घालून सांगेन. आणि अजून अशी तरतूद न केलेल्या देशांनी, त्यात भारतही आला, निदान परदेशी जाणाऱ्या आपल्या दोषी नागरिकांची आगाऊ सूचना तिथल्या पोलिसांना देण्याची पद्धत नेमाची करावी.